‘इफ यू इन्सिस्ट’ या तीन शब्दांविषयी मामांना खुलासा

पारनेर,
रविवार, दि. २५ मार्च १९७३

तीर्थस्वरूप विष्णुपंत मामांस,

तुमचा भाचा यज्ञेश्वर याचा पारनेरहून साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. (‘सर्व’ म्हणजे मी एकटाच, त्यामुळे खुशाली कळवायला फार शाई लागत नाही.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला असेल असे धरून चालतो. आईला मी वेगळे पत्र लिहीनच; हे मात्र तिला वाचून दाखवू नये. तिला चष्मा शोधायचा कंटाळा आणि तुम्हाला ओसरीवर बसून मोठ्याने वाचायची सवय, म्हणून हे पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवले. इथे विहिरींनी तळ दाखवला आहे, टँकर आला तर येतो, आणि भाकरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची. ती चावताना बोलता येत नाही, हा तिचा एक गुण. तुमच्या कोल्हारला प्रवरामाई आहे, कालवा आहे, त्यामुळे तुमच्याकडे अजूनही पाहुण्याला ‘आणखी एक पोळी घ्याच’ असे म्हणता येते. या पत्राचा विषय साधारण तोच आहे.

तुमचे कार्ड बुधवारी मिळाले. तुम्ही पाडव्याला या म्हणून लीनाच्या यजमानांना मुंबईला दोन पत्रे घातलीत, आणि त्यांनी उत्तरादाखल इंग्रजीत ‘इफ यू इन्सिस्ट’ एवढेच तीन शब्द लिहून खाली सही केली. तुम्ही ते तीन शब्द तुमच्या कोशात पाहिलेत, त्यांचा अर्थ ‘तुम्ही हट्टच धरत असाल तर’ असा निघाला, आणि तेव्हापासून तुम्ही जेवण कमी केले आहे. जावयाने सासऱ्याला हट्टी म्हणावे का, असा तुमचा सवाल आहे आणि इंग्रजीचा शिक्षक या नात्याने मी निवाडा द्यावा असे तुम्ही लिहिता. तर मामा, पहिल्यांदा पोटभर जेवा. जावईबापूंनी तुम्हाला हट्टी म्हटलेले नाही. ते येणार आहेत. त्या तीन शब्दांचा खरा अर्थ ‘मला यायचेच आहे, पण माझ्या तोंडून ते निघू नये अशी व्यवस्था करा’ असा आहे. कोशात तो देत नाहीत, कारण कोश लिहिणारे जेवणाच्या पंगतीत बसून लिहीत नसावेत.

योगायोग असा की नववी ब ला मी याच महिन्यात हे शब्द शिकवले. धड्यात एक साहेब दुसऱ्या साहेबाकडे चहाला जातो. यजमान केकचा आणखी एक तुकडा पुढे करतो, पाहुणा नको म्हणतो, यजमान पुन्हा म्हणतो, आणि पाहुणा हे तीन शब्द उच्चारून केक घेतो. मी मुलांना सांगितले की हा भाग तुम्हाला सोपा जाईल, कारण हे साहेब लोक एकाच आग्रहात विरघळतात आणि आपल्याकडे तीन लागतात. मग मी तुमचे उदाहरण दिले. (नाव घेतले नाही, ‘एक गृहस्थ’ म्हटले.) लीनाच्या लग्नात व्याह्यांच्या चुलतभावाने जिलबीवर आडवा हात धरला, तेव्हा तुम्ही ताटासमोर उकिडवे बसून स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीत, ती चालली नाही तेव्हा नवरीच्या गळ्याची घातलीत, आणि त्या सद्गृहस्थाने अकरा जिलब्या खाल्ल्या. तो संध्याकाळपर्यंत मांडवातच एका कुशीवर होता, पण जाताना ‘आदरातिथ्य असावं तर असं’ म्हणून गेला. मी हेही सांगितले की लहानपणी मला कोणाकडे नेण्याआधी हे गृहस्थ बजावत, ‘पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं.’ पहिला नकार आपल्या अब्रूसाठी, दुसरा यजमानाच्या हौसेसाठी. वर्ग खूश झाला. मी फळ्यावर दोन वेळा ‘नो’ लिहून त्यापुढे बाण काढला.

खिडकीबाहेर आमच्या बनुबाई मुलांच्या सुकडीचे पीठ चाळत बसल्या होत्या. (दुष्काळामुळे मुलांना दुपारी पीठ-गुळाची सुकडी मिळते. बनुबाई ती करतात आणि आमच्या विज्ञानाच्या नीलांबरीबाई ती वाटतात.) तास संपल्यावर बनुबाईंनी मला अडवले आणि विचारले, “सर, येक इचारू का? पैल्यांदाच व्हय म्हनलं तर काय व्हतं?” मी चौदा वर्षे इंग्रजी शिकवतो आहे, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, तसं बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, “कुनाला?” आणि चाळण घेऊन आत गेल्या.

आता नीलांबरीबाईंविषयी दोन शब्द लिहायला हवेत. त्या आमच्याकडे येऊन तीन वर्षे झाली. वय चौतीस, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी कमी. उंच आहेत, चष्मा लावतात, प्रयोगशाळेतली एकही काचनळी तीन वर्षांत फुटू दिलेली नाही. दहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, पुढे त्यात काही लपवले असे वाटायला नको. सुकडी वाटण्याची त्यांची एक पद्धत आहे. त्या पातेले घेऊन ओळीने जातात आणि प्रत्येकाला एकदा विचारतात. मूल हो म्हणाले तर वाढतात, नको म्हणाले तर पुढे जातात, मागे वळत नाहीत. पहिल्या आठवड्यात मोठ्या घरची पाचसहा मुले रीतीप्रमाणे ‘नको’ म्हणून बसली आणि उपाशी राहिली. दुसऱ्या आठवड्यापासून सगळी शाळा पातेले दारात दिसताच ‘हो’ म्हणू लागली. नकार देणारा शाळेत एकच उरला, तो तुमचा भाचा.

कारण उरलेली सुकडी त्या शिक्षकांच्या खोलीत आणत. “सर, थोडी उरलीय, घेता का?” मी म्हणे, “छे छे, नको नको.” त्या “बरं” म्हणून पुढच्या टेबलाकडे जात. पुढच्या टेबलावर आमचे कवायतीचे गोरक्ष मास्तर बसतात. त्यांच्याकडे नको म्हणायची पद्धतच नाही. मामा, तीन आठवडे मी त्या माणसाला माझ्या वाटची सुकडी खाताना पाहिले. त्यांनी बोटे चाटलेलीही पाहिली. एकदा टँकरच्या दिवशी नीलांबरीबाईंनी विचारले, “माझ्याकडे हंडाभर पाणी जास्त आहे, नेता का?” मी म्हणालो, कशाला उगाच. तो हंडाही गोरक्ष मास्तरांकडे गेला, आणि दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या चहाने दाढी केली. (साखर नसेल तर होते. असेल तर दिवसभर माश्या सोबत राहतात.) तरी मला वाटे की बाईंना वळण लागायला वेळ लागतो आहे. चौथ्या आठवड्यात तरी त्या दुसऱ्यांदा विचारतील.

एवढ्यावर भागले असते तर मी हे पत्र लिहिले नसते, जावईबापूंचा अर्थ कार्डावर कळवला असता. पण गेल्या सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघेच चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. मी नववी ब चे, त्या आठवी अ चे. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, “सर, मला संगमनेरच्या एका शाळेचं बोलावणं आलंय. जूनपासून. पाडव्यापर्यंत कळवायचंय. जावं की इथंच राहावं, ते तुमच्यावर आहे. तुम्हाला माझ्याशी लग्न करायचं आहे का?”

मामा, मी या प्रश्नाची दोन वर्षे वाट पाहत होतो. म्हणजे हा प्रश्न त्या विचारतील असे कधी वाटले नव्हते, तो मीच विचारायचा असतो हेही मला माहीत आहे, पण दोन वर्षे रोज सकाळी मी त्यांच्या सायकलच्या घंटीवर घड्याळ लावत होतो हे खरे आहे. आणि तरीही माझ्या तोंडून जे बाहेर पडले ते असे: “छे छे, नको नको. आपल्याला कशाला उगाच त्रास.”

त्या म्हणाल्या, “बरं.” मग त्यांनी पेन्सिल उचलली, समोरच्या पेपरावर सदतीस गुण दिले, बेरीज पुन्हा तपासली आणि गठ्ठ्यात चुकून गेलेले माझ्या वर्गाचे दोन पेपर माझ्याकडे सरकवले. मी ते घेताना मात्र नको म्हणालो नाही.

मंगळवारी मी दिवसभर विचारण्याजोग्या जागी उभा होतो. प्रयोगशाळेच्या दाराशी उभा राहिलो, हजेरीपटाच्या कपाटाशी उभा राहिलो. बुधवारी त्यांचा खडूचा डबा मी वर्गापर्यंत नेऊन दिला. त्या म्हणाल्या, “सर, तुम्हाला काही हवंय का?” आणि मी म्हणालो, “नको नको.” जीभ माझी असली तरी तिला वळण तुम्ही लावलेत, एवढेच नम्रपणे नमूद करतो. गुरुवारी मला ताप आल्यासारखे वाटले. तो नव्हता.

शुक्रवारी बनुबाईंनीच मला सुकडीच्या चुलीपाशी बोलावले. त्यांना सगळे माहीत होते. (शाळेतले त्यांना कसे कळते ते मी विचारत नाही, कारण चूल आणि शिक्षकांची खोली यांच्यामध्ये एक कुडाची भिंत आहे.) म्हणाल्या, “सर, बाई येकदाच इचारत्यात. दोनदा न्हाई. तुमी किती बी हुबं ऱ्हावा.” मी म्हणालो, पण असं का? एवढी मुलं, एवढी घाई, म्हणून का? त्यांनी चुलीतले लाकूड मागे ओढले. “त्ये हायेच. पर त्येवढंच न्हाई. मालक गेल्यावर बाई माहेरी निघाल्या हुत्या. सासरच्यांनी लई आग्रव केला. ऱ्हा म्हने, आमाला लेकीसारखी. सा वर्सं ठिवून घ्येतली, समद्या घराची धुनी-भांडी करून घ्येतली. बाईंनी दर खेपंला निघायचं म्हनलं की पुन्ना आग्रव. मला सवताच सांगितलंय त्यांनी. तवापासनं त्या कुनाला दोनदा म्हनत न्हाईत. नको म्हनलं की त्यांच्यालेखी नको.”

चुलीपाशीच मला ते जिलबीचे ताट आठवले. मामा, तुमच्या हातच्या अकरा जिलब्यांची गोष्ट मी इतकी वर्षे हसून सांगत आलो, परवाही सांगितली. त्या गृहस्थाला कधी कोणी विचारले होते का की बाबा, तुला खरेच नको आहे का, असे पहिल्यांदाच मनात आले. तुमच्यावर रागावून हे लिहीत नाही. तुम्ही प्रेमानेच वाढता आणि ते मी जन्मभर जेवलो आहे. पण मला वाईट वाटले, ते लिहिले.

शनिवारी मी मुलांना फळ्यावरच्या दोन ‘नो’चा धडा पुन्हा शिकवला. सांगितले की हे परीक्षेपुरते लक्षात ठेवा. कागदावर एका बाजूला ‘इफ यू इन्सिस्ट’ या तीन शब्दांचा उपयोग लिहून ठेवला आहे, तो जावईबापूंसाठी तुम्हाला उपयोगी पडेल: घ्यायचे नक्की असताना, दुसऱ्याने पुन्हा विचारले असता, हसून म्हणावे. पुन्हा विचारणारा माणूस समोर नसेल तर म्हणून उपयोग नाही. तेव्हा तुम्ही त्यांना तिसरे पत्र टाका, ते पाडव्याला पहिल्या गाडीने येतील. पाडव्याचा दिवस संगमनेरच्या शाळेला कळवायचाही शेवटचा दिवस आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. माझे म्हणाल तर माझे बरे चालले आहे. माणसाने अडतिसाव्या वर्षी एकटे राहायला शिकलेले असावे, आणि मी ते बऱ्यापैकी शिकलो आहे. पाणी कमी लागते, भाकऱ्या दोन पुरतात, कोणी काही विचारत नाही. मला कसलीच तक्रार नाही, आणि तुमच्याकडे काही मागायचेही नाही. मामींस नमस्कार, लीना आली की तिला आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
यज्ञेश्वर

ता. क. मंगळवार. पत्र पाकिटात घालण्याआधी वाचून पाहिले. दहा पानांत मी ‘नको’ हा शब्द किती वेळा लिहिला आहे ते मोजायला घेतले आणि सोडून दिले. मग मी तसाच उठलो. बाहेर टँकर आला होता, हंडा भरून खांद्यावर घेतला आणि तो ठेवायलाही घरी परतलो नाही. सरळ नीलांबरीबाईंच्या बिऱ्हाडी गेलो आणि दारात उभा राहून स्पष्ट, खणखणीत आवाजात ‘हो’ म्हणालो. एकदाच. त्यांनी मला आत बसायला सांगितले आणि मी बसलो. एकदा म्हटल्याबरोबर बसलो, हे लिहायचे कारण तुम्हाला कळेल.

ता. क. दुसरे. बुधवार सकाळ. वर ‘काही मागायचे नाही’ असे लिहिले आहे ते खोडत नाही, कारण शाई उगाच फासली जाईल, पण ते खरे नाही. आईला सांगायचे आहे. मला तिची भीती वाटते. तिचे एकच ‘नाही’ असते, त्यात पहिले-दुसरे नसते. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती पंचविसाची. ती तुमच्याकडे आली आणि राहिली. तुम्ही तिला काही कमी केले नाही, हे मी जन्मभर विसरणार नाही. पण तिला कोणी, अगदी मीसुद्धा, कधी काही विचारले नाही. पुन्हा संसार करायचा का, शिकायचे का, कोल्हारलाच राहायचे का. त्यामुळे नीलांबरीबाईंचे नाव ऐकून ती काय म्हणेल, याचा मला अंदाज बांधता येत नाही. तुमचा शब्द ती मोडत नाही. म्हणून विनंती अशी की तुम्ही तिला आग्रह करा. तीन वेळा करा, लागला तर चौथ्यांदा करा. गळ्याची शपथ मात्र घालू नका. याचसाठी हे सगळे पत्र लिहिले, जावईबापूंचे फक्त निमित्त होते.

ता. क. तिसरे, दुसऱ्या अक्षरात.

ती. मामांना नीलांबरीचा नमस्कार. सरांनी पत्र मला वाचायला दिलं, आणि मी यात चार ओळी लिहू का असं विचारलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले, म्हणून लिहिते.

सर दारात आले हे खरं आहे. खणखणीत आवाजाचं काही मला आठवत नाही. ते वीस मिनिटं टँकरच्या वेळापत्रकावर बोलले आणि तेवढा वेळ हंडा खांद्यावरच होता. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं, तरी खाली ठेवेनात. शेवटी मी म्हटलं, “हंडा आत आणून ठेवता का?” तेव्हा ते ‘हो’ म्हणाले. त्यावरून मी बाकीचं समजून घेतलं. दुष्काळात भरला हंडा घेऊन एवढा वेळ दारात उभं राहणारा माणूस टँकरचं बोलायला आलेला नसतो.

संगमनेरला नाही म्हणून आज कळवलं.

तुम्ही आईंना आग्रह करू नये, अशी माझी विनंती आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं नगरवरून सकाळच्या एसटीनं कोल्हारला येतो. तुम्ही फक्त घरी असा. त्यांना आजवर कोणी काही विचारलं नाही असं सरांनी वर लिहिलं आहे. ते मी दोनदा वाचलं. तर मी त्यांच्यापाशी बसेन आणि आधी त्यांचंच विचारीन. माझं नंतर.